कडे घट्ट बसले की आवाज परत येतो : ब्रेक डिस्कच्या पेटंटविषयी

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून : ‘सोलापुरात अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. ब्रेक दाबला की चाकातून येणारी चिरकी किंकाळी बंद करण्यासाठी मी बिडाच्या ब्रेक डिस्कच्या घर्षणपट्टीला, म्हणजे ब्रेकचे पॅड जिथे घासतात त्या भागाला, आतल्या काठाने खाच मारली आणि तिच्यात स्टेनलेस तारेचे कडे बसवले. साधी डिस्क दोरीला टांगून हातोडीने टोल दिला तर चार-पाच सेकंद घणघणत राहते. कडे बसवलेली डिस्क “ठप्प” होऊन थांबते. पहिले कडे गोल होते, पण तुळजापूरच्या घाटात डिस्क तापली की कडे घट्ट बसे आणि आवाज परत येई. कड्याच्या दोन टोकांतली फट मोठी ठेवली, तर थंड गाडीत ते खुळखुळायचे. शेवटी नागमोडी कडे केले आणि दोन्ही त्रास गेले. गेले चार महिने ही डिस्क माझ्या मित्राच्या वडाप जीपला बसवलेली आहे. टोल देतानाचा व्हिडिओ मी आमच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्यात दोनशेहून जास्त सभासद आहेत. आता गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनात ती मांडायची आहे. एक एजंट म्हणतात की शंभर टक्के पेटंट मिळेल, तेही जगभराचे. खरेच मिळेल का? कड्याला वळणे माझ्या भाच्याने दिली, त्याचे नाव अर्जात घालावे लागेल का?’

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. आधी ज्या गोष्टीला थांबता येणार नाही, ती सांगतो. मित्राच्या जीपमधून ती डिस्क आजच उतरवा आणि जुनी, कंपनीची डिस्क परत बसवा. खाच मारल्याने बिडाची जाडी त्या जागी कमी होते, तापणे-निवणे वारंवार झाले की अशाच कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि तारेचे कडे तुटून चाकात अडकले तर काय होईल हे चाचणीविना कोणीही सांगू शकत नाही. ती वडाप जीप आहे, तिच्यात रोज माणसे बसतात. ब्रेकच्या भागाची परीक्षा आधी डायनॅमोमीटरवर, म्हणजे गाडीबाहेर ब्रेक तपासण्याच्या यंत्रावर, मग रिकाम्या गाडीवर आणि त्यानंतरच रस्त्यावर करायची असते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत अशा चाचण्या होतात. पेटंट मिळाले तरी ते विक्रीचा परवाना नसते. दुसऱ्याला तुमची वस्तू बनवण्यापासून रोखण्याचा तो हक्क असतो, आणि डिस्क सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पेटंटनंतरही तुमच्यावरच राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘डिस्कमध्ये वेगळा भाग घालून तिचे कंपन घर्षणाने मारणे’ या कल्पनेवर तुम्हाला पेटंट मिळणार नाही, हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ती कल्पना जुनी आहे. डिस्कच्या साच्यात आधीच पोलादी कडे ठेवायचे, त्याभोवती बीड ओतायचे, पण कड्यावर असा लेप द्यायचा की बीड त्याला चिकटून एकजीव होणार नाही, म्हणजे कंपन सुरू झाले की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून ऊर्जा खातील, अशा रचनांवर जनरल मोटर्सने अमेरिकेत अनेक पेटंट घेतलेली आहेत. खाचेत बसवलेले तारेचे कडेही नवे नाही. रेल्वेच्या चाकाचा वळणावर येणारा कर्कश आवाज कमी करण्यासाठी चाकाच्या धावेला आतून खाच मारून पोलादी कडे बसवण्याची पद्धत अनेक वर्षांपासून माहीत आहे, आणि गिअरचा आवाज मारण्यासाठीही अशीच कडी वापरली गेली आहेत. ब्रेक ड्रमला बाहेरून स्प्रिंग गुंडाळण्याची युक्ती तर त्याहून जुन्या पिढीची आहे. पेटंट कार्यालयाचा परीक्षक हे सगळे शोधून काढतोच. चाकाचे कडे रेल्वेचे आणि डिस्क मोटारीची, एवढ्या फरकावर तो थांबत नाही. कंपनाचे काम करणारा जाणकार शेजारच्या क्षेत्रातही डोकावतो, असे तो धरून चालतो.

भारतीय पेटंट कायदा १९७० नुसार शोध नवा असावा लागतो, उद्योगात वापरता येण्याजोगा असावा लागतो आणि त्यात शोधक पायरी असावी लागते. शोधक पायरी म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसणे. तुमच्या डिस्कच्या बाबतीत उपयुक्ततेचा प्रश्नच नाही. सगळा प्रश्न पहिल्या आणि तिसऱ्या अटीचा आहे, त्यातही तिसऱ्या अटीचा अधिक.

तुमच्यासारख्या लेथवर काम करणाऱ्या माणसाने या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल अवश्य माहीत करून घ्यावा. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज असे त्या खटल्याचे नाव. वाद मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा होता. लेथवर भांडे घोटताना ते घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे १९५१ चे पेटंट होते. न्यायालयाने पाहिले की लेथ जुना, भांडे टोकाने दाबून धरण्याची रीतही जुनी, आणि नव्या साधनातला बदल असा की कुशल कारागीर कामाच्या ओघात तो सहज करील. अशा बदलाला न्यायालयाने कारखान्यातली नुसती सुधारणा मानले आणि पेटंट रद्द केले. जुन्या गोष्टी एकत्र आणल्या तरी त्यांतून नवा परिणाम, किंवा अधिक चांगली अथवा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे, आणि तिच्यामागे कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यापलीकडचे काही असले पाहिजे, ही त्या निकालातली कसोटी आजही परीक्षकांच्या पत्रांत उद्धृत होते. कलम ३ मधील एक उपकलमही असेच आहे : ज्ञात साधने, जी प्रत्येकी आपापले ज्ञात काम स्वतंत्रपणे करतात, त्यांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध मानला जात नाही.

मग तुमच्याकडे काय आहे? माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : डिस्क तापली की कडे घट्ट बसे आणि आवाज परत येई.

हे का घडले ते नीट मांडून पाहा. घर्षणाने कंपन मारणाऱ्या कड्याला दाब हवा असतो, पण मोजका. दाबच नसेल तर घर्षण नाही, म्हणून ऊर्जा खाल्ली जात नाही. दाब फार झाला तर कडे सरकतच नाही, ते डिस्कचाच भाग बनते, आणि घासणे थांबल्याने ऊर्जा खाण्याचे कामही थांबते. आता तापमानाचा हिशोब जोडा. बीड दर अंश सेल्सिअसला दशलक्षात सुमारे ११ भाग प्रसरण पावते, तर ३०४ जातीचे स्टेनलेस सुमारे १७ भाग. तुमच्या डिस्कच्या घर्षणपट्टीचा आतला व्यास १६० मिलिमीटर धरला आणि घाट उतरताना दोन्ही धातू ३०० अंशांनी तापले असे मानले, तर कड्याचा घेर खाचेच्या घेरापेक्षा जवळजवळ १ मिलिमीटरने जास्त वाढतो. दोन टोकांत अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवलेले गोल कडे अशा वेळी टोकाला टोक भिडून खाचेत जाम होणारच. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. पण कारण हेच असावे.

परीक्षकाचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो : मग फट वाढवली असती तर? हाच प्रश्न तुमचा अर्ज बुडवू शकतो, आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार आहे, कारण तुम्ही फट वाढवून पाहिलीत आणि थंड डिस्कमध्ये कडे खुळखुळले. जाणकाराला जो उपाय सर्वप्रथम सुचेल तो तुम्ही केला आणि तो फसला. त्यानंतर नागमोडी कड्याने तापलेल्या आणि थंड अशा दोन्ही वेळची अडचण एकदम सोडवली, कारण त्याची वळणे स्प्रिंगसारखी दबतात, ते खाचेच्या तळाला ठरावीक जागीच टेकते, आणि थंड असो वा तापलेले, दाब फारसा बदलत नाही. कडे आणि खाच इथे आपापले स्वतंत्र काम करत नाहीत. एकाचे प्रसरण दुसऱ्याच्या आकाराने सांभाळले जाते. कलम ३ च्या आक्षेपाला आणि मिर्झापूरच्या निकालाला दोन्हींना उत्तर द्यायची जागा मला इथे दिसते. दार उघडे असेल तर ते येथेच आहे, आणि ते अरुंद आहे. नागमोडी कडे दुसऱ्या कोणी रेल्वेच्या चाकात किंवा गिअरमध्ये याच कामासाठी आधी वापरलेले सापडले, तर तेही बंद होईल.

म्हणून शोध घ्या, आणि एजंटाला पैसे देण्याआधी स्वतः घ्या. युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट, गूगल पेटंट्स आणि भारतीय कार्यालयाचे इनपास ही तिन्ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. नुसत्या शब्दांनी शोधू नका, वर्गीकरणाने शोधा : ब्रेकच्या डिस्क ‘एफ १६ डी ६५/१२’ या वर्गात येतात, कंपन शमवण्याच्या रचना ‘एफ १६ एफ १५’ मध्ये, आणि रेल्वेची चाके ‘बी ६० बी १७’ मध्ये. मजकूर इंग्रजीत असला तरी तुम्ही चित्रे बघत चला. खाच, कडे आणि वळणे चित्रात लेथवाल्याच्या डोळ्याला लगेच कळतात. दोन-तीन रविवार या कामाला द्या.

आता व्हॉट्सॲप आणि जीप. हा भाग मला काळजीचा वाटतो. काही देशांत शोधकाने स्वतः गोष्ट उघड केल्यावरही अर्ज करायला सरसकट मुदत मिळते. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. अर्जाच्या तारखेआधी शोध लोकांपुढे आला, छापला गेला किंवा भारतात उघडपणे वापरला गेला, तर नवेपणा गेला असा आक्षेप परीक्षकाला घेता येतो, आणि पुढे तुमच्या स्पर्धकालाही घेता येतो. कलम ३२ मध्ये एक अपवाद आहे : अग्रक्रमाच्या तारखेआधीच्या (साधारणपणे पहिल्या अर्जाच्या तारखेआधीच्या) एका वर्षात शोधकाने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, केवळ वाजवी चाचणीसाठी शोध उघड्यावर वापरला असेल, आणि शोधाचे स्वरूपच असे असेल की चाचणी उघड्यावर करणे भागच होते, तर त्या वापराने पेटंट बाद होत नाही. ब्रेक रस्त्यावर पाहावा लागतो, हे म्हणणे टिकण्यासारखे आहे. पण चार महिने भाड्याचे प्रवासी वाहणारी जीप ही चाचणी होती असे म्हणायचे, तर चाचणीच्या नोंदी हव्यात : कोणत्या दिवशी किती किलोमीटर, आवाज आला की नाही, कडे काढून पाहिले तेव्हा झीज किती. मित्राकडून डिस्कच्या बदल्यात पैसे घेतले असतील तर तेही एजंटापासून लपवू नका.

व्हिडिओचे उत्तर त्या व्हिडिओतच आहे. तो तुमच्या फोनवर उघडा आणि थांबवत थांबवत, एकेक चित्र मोठे करून बघा : खाच दिसते का, कडे दिसते का, आणि मुख्य म्हणजे कड्याची वळणे दिसतात का. ‘ठप्प’ हा आवाज ऐकून कोणालाही वळणांचा पत्ता लागणार नाही. नुसती टांगलेली डिस्क आणि हातोडी दिसत असेल, तर तुमचा खरा शोध अजून झाकलेलाच आहे. वळणे दिसत असतील, किंवा ग्रुपवर कोणाच्या प्रश्नाला उत्तर देताना तुम्ही ती समजावून सांगितली असतील, तर अडचण गंभीर आहे, आणि ती पहिल्याच भेटीत एजंटापुढे ठेवली पाहिजे. व्हिडिओ आता पुसून टाकल्याने काही साधणार नाही. दोनशे फोनमध्ये तो पोहोचलेला आहे. त्याची प्रत आणि तारीख जपून ठेवा. ग्रुपवर मात्र या विषयावर यापुढे एक अक्षरही लिहू नका.

प्रदर्शनाला अर्ज केल्याशिवाय जाऊ नका. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, आणि आपल्या गावातले प्रदर्शन त्यात बसते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

अर्जाची वाट अशी आहे. प्रथम तात्पुरत्या स्पेसिफिकेशनसह, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनासह, अर्ज करा, ज्याला सगळे प्रोव्हिजनल म्हणतात. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावे लागते, आणि मधल्या काळात चाचण्या करता येतात. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे एक पान खरडून तारीख पकडणे, हा समज सोडून द्या. त्यात जे लिहिलेले नाही त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून वळणांची संख्या पाच असेल, सात असेल, वळणे असमान अंतरावर असतील, तार गोल असेल वा चपटी, खाच आतल्या काठाला असेल वा बाहेरच्या, हे सगळे प्रकार पहिल्याच कागदात आकृत्यांसह येऊ द्या. कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावी लागतात, मराठीत चालत नाहीत. तरीही पहिला मसुदा तुम्ही मराठीतच लिहा, वर्कशॉपमध्ये बोलता त्या शब्दांत, कारण भाषांतर करणाऱ्याला खाच आणि कडे यांतला संबंध तुमच्याकडूनच कळणार आहे. आपल्याला मुंबईचे पेटंट कार्यालय लागू होते, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास ३० पाने आणि १० दाव्यांपर्यंत सरकारी फी १,६०० रुपये आहे. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये, आणि आता अर्ज केल्यास ती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. एजंटाची फी याहून कितीतरी जास्त असेल, पण दावे लिहिण्याच्या कामात ती वाचवू नका.

दावे, म्हणजे एजंट ज्यांना क्लेम म्हणतात, हेच पेटंटचे कुंपण असते. ‘कंपन कमी करणारी ब्रेक डिस्क’ असा दावा लिहिला तर तो पहिल्याच पत्रात उडेल, कारण त्यात फक्त इच्छा आहे, उपाय नाही. अमेरिकेत अमेरिकन ॲक्सल विरुद्ध निॲपको हा खटला याच मुद्द्यावर गाजला. तिथे मोटारीच्या प्रोपेलर शाफ्टमधील (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या पोकळ दांड्यातील) कंपन मारण्यासाठी आत बसवायच्या लायनरला, म्हणजे आतल्या नळीला, ‘ट्यून’ करण्याची पद्धत होती. अपील न्यायालयाने २०१९ आणि २०२० मध्ये म्हटले की एक मुख्य दावा हूकचा नियमच, म्हणजे स्प्रिंगवरचे बळ आणि तिचे ताणणे यांचा निसर्गनियमच, सांगतो, ट्यून कसे करायचे ते सांगत नाही. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. आपला कायदा वेगळ्या चौकटीचा आहे, परंतु शोध कसा अमलात आणायचा याचे पूर्ण वर्णन आपल्याकडेही सक्तीचे आहे. तुमचा दावा साधारण असा वाचला गेला पाहिजे : बिडाची ब्रेक डिस्क, जिच्या घर्षणपट्टीच्या आतल्या काठावर परिघभर खाच आहे, त्या खाचेत बिडापेक्षा अधिक प्रसरण पावणाऱ्या धातूचे, एका जागी तोंड उघडे असलेले कडे आहे, त्या कड्याला त्रिज्येच्या दिशेने वळणे आहेत, जी खाचेच्या तळाला फक्त माथ्यांवर टेकतात, आणि तापमान वाढल्यावर ती वळणे दबतात, ज्यामुळे कडे खाचेत सरकण्याइतके मोकळे राहते.

या शेवटच्या वाक्याला मोजमापाचा आधार हवा. टोल देण्याची तुमची परीक्षा चांगली आहे, पण टांगलेल्या डिस्कला पॅडचा स्पर्श नसतो, आणि किंकाळी येते ती पॅड दाबल्यावर. साधी डिस्क, गोल कडे, मोठ्या फटीचे गोल कडे आणि नागमोडी कडे, अशा चार डिस्क एकाच मापाच्या घ्या. प्रत्येकीचे कंपन थंड असताना आणि भट्टीत १००, २०० व ३०० अंशांना तापवून नोंदवा, आणि मग पॅडसह तेच करा. सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपन मोजण्याची साधने मिळतात का ते विचारा. मात्र जाण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, आणि जो फौंड्रीवाला तुम्हाला डिस्क ओतून देतो त्याच्याकडूनही घ्या.

जगभराचे पेटंट अशी वस्तू अस्तित्वात नाही. पीसीटी नावाची आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय आहे आणि भारत १९९८ पासून तिचा सदस्य आहे, पण तिच्यातूनही शेवटी प्रत्येक देशात वेगळे पेटंट, वेगळ्या खर्चाने घ्यावे लागते. भारतातले पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आणि भारतापुरतेच चालते. जो एजंट शोध न घेता शंभर टक्के म्हणतो, त्याच्याकडे तुम्ही जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

भाच्याविषयी तुम्ही शेवटच्या ओळीत विचारले, पण तो प्रश्न शेवटचा नाही. कड्याला वळणे द्यावीत हे तुम्ही सांगितले आणि त्याने नुसती तार वाकवली, तर तो कारागीर. पण वळणांची कल्पना त्याची असेल, तर वर लिहिलेल्या सगळ्या हिशोबाप्रमाणे शोधाचा गाभाच त्याचा आहे, आणि त्याचे नाव शोधक म्हणून अर्जात घालावेच लागेल. ते वगळणे हे कायद्याने पेटंट रद्द होण्याचे कारण ठरू शकते. मालकी तुमच्या वर्कशॉपकडे ठेवायची असेल तर त्याने हक्क लेखी हस्तांतरित करावा, आणि मोबदला काय तेही त्याच कागदावर लिहावे. आज संध्याकाळी त्याला समोर बसवा, पहिले वळण कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सांगण्यावरून दिले ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, आणि खाली दोघेही तारीख घालून सही करा.